घर भाड्याचे, सोबती आपला

पावसाळा नुकताच संपला होता. मुलुंड पूर्वेतील माझ्या दवाखान्यात सकाळी नऊच्या सुमारास एक जुने रुग्ण आले. मी त्यांना काकाच म्हणतो. वय ७४, मध्य रेल्वेच्या नोकरीतून निवृत्त, रक्तदाब आणि मधुमेह दोन्ही अनेक वर्षांचे. नेहमी ताठ चालणारे काका त्या दिवशी खुर्चीत बसताना टेबलाचा आधार घेत होते. कपाळावर घाम होता.

"डॉक्टर, रात्रीपासून पोटात वरच्या बाजूला जळजळतंय. ॲसिडिटी असावी," ते म्हणाले.

ईसीजीचा कागद यंत्रातून बाहेर येतानाच मला उत्तर मिळाले. ती ॲसिडिटी नव्हती. हृदयाच्या खालच्या भागाला झटका आला होता. त्रास केव्हा सुरू झाला असे विचारले, तेव्हा ते म्हणाले, "दोन-अडीचला असेल." म्हणजे जवळजवळ सात तास उलटून गेले होते.

आवश्यक गोळ्या देऊन मी रुग्णवाहिका बोलावली. ती येईपर्यंत न राहवून विचारले, "काका, समोरच्या घराची बेल तरी वाजवायची होती!" ते काही वेळ गप्प राहिले. मग हलक्या आवाजात म्हणाले, "बेल वाजवली असती तर कोणीतरी घरात आलं असतं. आत बंडू आहे. तो तिथे आहे हे बिल्डिंगमध्ये कोणाला ठाऊक नाही."

बंडू म्हणजे त्यांचा अकरा वर्षांचा कुत्रा. भाड्याच्या घरात तो लपवून ठेवलेला होता, आणि त्याला लपवण्यासाठी काकांनी सात तास छातीतला झटका सोसला.

काकांच्या परवानगीने, ओळखीचे तपशील वगळून, ही हकीकत मी इथे सांगतो आहे. पाळीव प्राण्यासह भाड्याचे घर शोधणे हा वरवर पाहता घर आणि दलाल यांचा विषय. आरोग्याच्या पाक्षिकात तो कशाला, असे काही वाचकांना वाटेल. एके काळी मलाही तसेच वाटत होते.

हे घडले कसे?

काकांची जुनी इमारत पन्नास वर्षांपूर्वीची, तीन मजली, लिफ्ट नसलेली. मुंबईच्या उपनगरांतील अशा असंख्य इमारतींप्रमाणे तीही पुनर्विकासाला गेली. सभासदांना भाडे मिळणार होते, नवे घर तीन वर्षांनी. ज्या घरात संसार झाला, ते रिकामे करण्याचे दुःख होतेच. पण काकांपुढे त्याहून वेगळा प्रश्न होता. काकू चार वर्षांपूर्वी गेल्या. बंडूला रस्त्यावरून उचलून घरी आणले होते ते काकूंनी. मुलगा बंगळूरुला असतो, नातवाला दम्याचा त्रास आहे, त्यामुळे बंडूसह तिकडे जाणे शक्य नव्हते.

दोन महिन्यांत त्यांनी अकरा घरे पाहिली. भाडे जुळायचे, डिपॉझिट जुळायचे, आणि "सोबत कुत्रा आहे" म्हणताच बोलणे थांबायचे. याच काळात ते माझ्याकडे आले होते. रक्तदाब वाढलेला, झोप नाही, साखर नेहमीपेक्षा वर. कारण विचारल्यावर त्यांनी घरांची सगळी कथा सांगितली. बाहेर रुग्णांची रांग होती. मी औषधाची मात्रा वाढवली आणि उठता उठता म्हणालो, "काका, या वयात ही जबाबदारी कशाला? द्या बंडूला कोणाकडे तरी."

मी हे चांगल्या भावनेने म्हणालो. पण त्यानंतर काकांनी माझ्याजवळ बंडूचा विषय पुन्हा काढला नाही. ज्या डॉक्टरने अडचण ऐकून घेतली नाही, त्याला पुढची गोष्ट कोण सांगणार?

पुढची गोष्ट अशी, की बाराव्या घराच्या वेळी दलालाने सल्ला दिला, "सांगूच नका. म्हातारा कुत्रा आहे, भुंकत नाही, कोणाला कळणारही नाही." काकांनी तो मानला. चौथ्या मजल्यावरचे घर मिळाले. लिफ्टमध्ये कॅमेरा होता, म्हणून ते पहाटे साडेचारला जिन्याने चार मजले उतरायचे आणि तसेच चढायचे. रात्री अकरानंतर पुन्हा तेच. खिडक्या बंद, पाहुणे बंद. झटका येण्याआधी आठवडाभर जिना चढताना छातीत दडपण येत होते, ते त्यांनी वयावर घातले. एकदा दवाखान्यात येऊन दाखवले असते तर कदाचित पुढचे टळले असते. पण मी विचारले असते, "एवढ्या पहाटे जिन्यावर काय करता?" आणि हा प्रश्न त्यांना नको होता.

काका बचावले. अँजिओप्लास्टी झाली, एक स्टेंट बसला. पण हृदयाच्या स्नायूचा काही भाग कायमचा दुबळा झाला. झटका आल्यानंतर पहिले काही तास फार मोलाचे असतात. बंद झालेली रक्तवाहिनी जितकी लवकर उघडेल तितका स्नायू वाचतो. जे वाचू शकले असते, ते त्या सात तासांत गेले.

त्या सकाळी घराची किल्ली माझ्या हाती देऊन काका रुग्णवाहिकेत चढले. कुत्र्यांना घाबरणारा माझा कंपाउंडर नाइलाजाने बंडूला पाहायला गेला. तो कुलूप उघडत असताना समोरचे दार उघडले. शेजारच्या ताई म्हणाल्या, "बंडूसाठी आलात का? द्या, मी घालते त्याला भात. काका बरे आहेत ना?" वॉचमनला पहिल्याच आठवड्यात कळले होते. मजल्यावर सर्वांना ठाऊक होते. काका सांगत नाहीत म्हणून कोणी विचारले नाही, एवढेच. ज्या गुपितासाठी काकांनी हृदय पणाला लावले, ते गुपित उरलेलेच नव्हते.

प्राण्याची सोबत आणि आपले आरोग्य

पाळीव प्राण्याने आयुष्य वाढते, असे छातीठोकपणे सांगणारे बरेच असतात. डॉक्टर म्हणून मी जपून बोलेन. १९८० साली अमेरिकेत एक गाजलेला अभ्यास प्रसिद्ध झाला. हृदयविकाराच्या ९२ रुग्णांपैकी ५३ जणांकडे पाळीव प्राणी होते, त्यांतले ३ वर्षभरात दगावले. प्राणी नसलेल्या ३९ जणांपैकी ११ दगावले. आकडे बोलके आहेत, पण रुग्ण थोडे होते, आणि प्राणी पाळणारी माणसे मुळातच अधिक हिंडतीफिरती असू शकतात. अमेरिकन हार्ट असोसिएशनने २०१३ मध्ये उपलब्ध अभ्यास पाहून असे मत मांडले, की प्राणी, विशेषतः कुत्रा पाळणे आणि हृदयविकाराचा धोका कमी असणे यांचा संबंध असू शकतो. मात्र केवळ हृदयासाठी म्हणून प्राणी आणू नये, असेही त्यांनी बजावले.

माझ्या दवाखान्यातील अनुभव यापेक्षा साधा आहे. एकट्या राहणाऱ्या ज्येष्ठाला सकाळी अंथरुणातून उठायला कारण लागते. कुत्र्याला बाहेर न्यायचे म्हणून चालणे होते. त्याला जेवण द्यायचे म्हणून स्वतःचे जेवण वेळेवर होते, आणि वेळेवर जेवण झाले की मधुमेहाची गोळीही वेळेवर जाते. जोडीदाराच्या निधनानंतर ज्या घरात दिवसभर कोणी हाक मारत नाही, तिथे दाराशी वाट पाहणारे कोणीतरी असते. बंडूचा सांभाळ हा काकांच्या दिनक्रमाचा कणा होता. "द्या कोणाकडे तरी" म्हणताना मी त्यांचे एक औषधच बंद करायला सांगत होतो, आणि बदली औषध काहीच लिहून दिले नव्हते.

म्हणून ज्येष्ठांना आणि त्यांच्या मुलांना माझे सांगणे असे: घर बदलताना प्राण्याला सामानात धरू नका. त्याला घरातला एक सदस्य धरून घर शोधा. आणि कितीही मोह झाला तरी त्याला लपवून घर घेऊ नका. लपवण्यात भाडे वाचत नाही. झोप जाते, जिने वाढतात, आणि संकटाच्या वेळी मदतीला हाक मारण्याचे धैर्य उरत नाही.

कायदा काय सांगतो?

पुष्कळ ज्येष्ठ नकार ऐकून गप्प बसतात, कारण सोसायटीचा नियम म्हणजे कायदा असे त्यांना वाटते. तसे नाही. भारतीय पशुकल्याण मंडळाने २०१५ मध्ये निवासी संघटनांसाठी मार्गदर्शक सूचना काढल्या. बहुमताने ठराव केला तरी गृहनिर्माण सोसायटीला पाळीव प्राण्यांवर सरसकट बंदी घालता येत नाही, प्राण्याला लिफ्ट नाकारता येत नाही आणि लिफ्टसाठी वेगळे पैसेही आकारता येत नाहीत, असे त्यांत म्हटले आहे. जिवंत प्राण्यांविषयी करुणा बाळगणे हे आपल्या संविधानाच्या अनुच्छेद ५१-क मध्ये नागरिकाचे मूलभूत कर्तव्य म्हणून नोंदले आहे. उलट बाजूने पाहिले, तर प्राण्याला उपासमारीत सोडून देणे हा १९६० च्या प्राणी क्रूरता प्रतिबंधक कायद्यानुसार गुन्हा आहे. घर मिळत नाही म्हणून दूरच्या रस्त्यावर कुत्रा सोडून येणाऱ्यांनी हे ध्यानात ठेवावे.

पण इथे एक फरक समजून घ्यायला हवा. सोसायटी बंदी घालू शकत नाही याचा अर्थ घरमालकाने होकार दिलाच पाहिजे असा नाही. आपले घर कोणाला भाड्याने द्यावे हा मालकाचा निर्णय आहे, आणि करारात "प्राणी ठेवणार नाही" असे लिहून सही केली असेल तर ती अट मोडण्याचा दोष आपल्यावर येतो. म्हणून भांडणाने घर मिळत नाही. विश्वासाने आणि कागदाने मिळते.

मालकांच्या मनातली भीतीही समजून घ्यावी. दारे ओरबाडली जातील, वास राहील, शेजारी तक्रार करतील, कोणाला चावला तर निस्तरायचे कोणी, या चिंता खोट्या नाहीत. त्यांना उत्तर देण्याची तयारी करूनच घर पाहायला जावे.

> घर पाहायला जाताना सोबत न्या
>
> • लसीकरणाची वही, त्यात रेबीजच्या लसीची ताजी नोंद.
> • महापालिकेचा कुत्र्याचा परवाना.
> • नसबंदी झाली असल्यास पशुवैद्याचे प्रमाणपत्र.
> • आधीच्या घरमालकाचे किंवा जुन्या सोसायटीच्या सचिवांचे दोन ओळींचे पत्र: "प्राण्याचा कोणाला त्रास झाला नाही."
> • प्राण्याचा फोटो, आणि शक्य असल्यास मालकाला प्राण्याला भेटण्याचे आमंत्रण. न पाहिलेल्या कुत्र्याची भीती पाहिलेल्या कुत्र्यापेक्षा नेहमीच मोठी असते.

दोघांचे वय लक्षात घेऊन घर निवडा

प्राण्याला परवानगी देणारे घर मिळाले की हर्षाने लगेच होकार दिला जातो. थोडे थांबा. घरात दोन जीव राहणार आहेत आणि बहुतेक वेळा दोघेही वयस्क असतात. गुडघे तुमचे दुखतात तसे त्याचेही दुखतात.

तळमजला किंवा लिफ्ट असलेली इमारत पाहा. लिफ्ट असली तरी वीज गेल्यावर ती चालते का, हे वॉचमनला विचारा. पायऱ्यांना कठडा आहे का, जिन्यात रात्री दिवा असतो का, ते संध्याकाळी जाऊन पाहा. दुपारी पाहिलेले घर आणि रात्रीचे घर यांत फार फरक असतो.

आजकाल सर्वत्र गुळगुळीत, चकचकीत लादी असते. ओल्या पंजांचे ठसे, सांडलेले पाणी आणि अशी लादी मिळून ज्येष्ठांसाठी घसरगुंडीच तयार होते. प्राण्याचे पाण्याचे भांडे चालण्याच्या वाटेवर न ठेवता मोरीजवळ किंवा बाल्कनीत ठेवा, खाली न सरकणारी रबरी चटई घाला. बाल्कनीला किंवा खिडकीला जाळी हवी. मांजर असेल तर ही अट सोडूच नका.

बाहेर फिरवायला रहदारीपासून दूर, सपाट जागा पाच-सात मिनिटांच्या अंतरावर हवी. उपनगरातल्या फुटपाथची अवस्था आपण जाणतोच. फेरीवाले, उखडलेल्या फरशा आणि दुचाकी यांतून पट्टा सांभाळत चालणे सोपे नाही. पशुवैद्य किती दूर आहे हे जसे पाहाल, तसे तुमचा स्वतःचा डॉक्टर आणि रात्री उघडे असणारे रुग्णालय किती दूर आहे, हेही पाहा. स्वस्त भाड्यासाठी फार लांब गेलेले माझे काही रुग्ण वर्षभरात तपासणीला यायचे थांबले. ती बचत महागात पडते.

करारात काय असावे?

महाराष्ट्रात भाड्याचे घर बहुधा लिव्ह अँड लायसन्स करारावर, ११ महिन्यांसाठी किंवा त्याहून अधिक काळासाठी घेतले जाते. महाराष्ट्र भाडे नियंत्रण अधिनियम, १९९९ नुसार हा करार लेखी असणे आणि त्याची नोंदणी होणे बंधनकारक आहे, आणि ती करून घेण्याची जबाबदारी मालकाची आहे. "अकरा महिन्यांच्या कराराला नोंदणी लागत नाही" असे कोणी सांगितले तर ऐकू नका. हल्ली नोंदणी ऑनलाइन होते. एजंट अंगठ्याचे यंत्र घेऊन घरी येतो, त्यामुळे ज्येष्ठांना कार्यालयात जाऊन ताटकळावे लागत नाही.

करारात एक साधे कलम घालून घ्या: भाडेकरूसोबत अमुक जातीचा, अमुक वयाचा, अमुक नावाचा एक कुत्रा किंवा एक मांजर राहील, हे मालकाला मान्य आहे. त्यासोबत आपली जबाबदारीही लिहा: लस वेळेवर देईन, सामाईक जागेत पट्ट्याने बांधून नेईन, घाण झाल्यास साफ करीन, आणि घर सोडताना ओरखड्यांची दुरुस्ती व रंगकाम डिपॉझिटमधून करून घेता येईल. हे शेवटचे वाक्य वाचून मालकाची अर्धी चिंता मिटते. तोंडी होकारावर विसंबू नका. मालक परदेशी असतो, त्याचा भाऊ व्यवहार पाहतो, सहा महिन्यांनी भाऊ बदलतो आणि होकार कोणी दिला हेच कोणाला आठवत नाही.

करार झाल्यावर सोसायटीच्या सचिवांना स्वतः भेटा. नव्या शेजाऱ्यांना प्राण्याची ओळख करून द्या. समोरच्या घरातल्या आजींना कुत्र्याची भीती वाटत असेल तर तुमच्या फिरण्याची वेळ त्यांना सांगून ठेवा. एवढ्या सौजन्याने पुढच्या निम्म्या तक्रारी उगवतच नाहीत.

आरोग्याच्या काही खबरदाऱ्या

पडणे. ज्येष्ठांच्या बाबतीत प्राण्यापासूनचा सर्वांत मोठा धोका चावण्याचा नसून पडण्याचा असतो. अमेरिकेतील एका अभ्यासानुसार पट्ट्याने बांधलेल्या कुत्र्याला फिरवताना हाड मोडून रुग्णालयाच्या आपत्कालीन विभागात आलेल्या ६५ वर्षांवरील व्यक्तींची अंदाजे संख्या २००४ मध्ये १,६७१ होती, ती २०१७ मध्ये ४,३९६ झाली. त्यांत स्त्रिया बहुसंख्य होत्या. खुब्याचे हाड मोडणे हा त्यांतला एक प्रमुख प्रकार होता. आपल्याकडेही कारणे तीच आहेत: ठिसूळ हाडे, ओढणारा कुत्रा, हाताला गुंडाळलेला पट्टा. पट्टा मनगटाला कधीही गुंडाळू नका, मुठीत धरा, म्हणजे वेळ आली तर सोडता येईल. पट्टा आखूड ठेवा. चपलेऐवजी मागून बंद असलेले, न घसरणारे बूट घाला. कुत्रा ताकदवान असेल तर फिरवण्याचे काम तरुण माणसाकडे द्या, आपण सोबत चाला. रात्री स्वच्छतागृहात जाण्याच्या वाटेवर प्राणी झोपत असेल तर तिथे छोटा दिवा ठेवा.

चावा आणि ओरखडा. घरचा, लस दिलेला प्राणी असला तरी जखम झाल्यास साबण आणि वाहत्या पाण्याने १५ मिनिटे धुवा आणि त्याच दिवशी डॉक्टरांना दाखवा. हळद, तिखट, चुना काहीही लावू नका. रेबीजची लक्षणे दिसू लागल्यावर उपचार जवळजवळ नेहमीच निष्फळ ठरतात, म्हणून लसीत टाळाटाळ नको. रक्त पातळ करणाऱ्या गोळ्या घेणाऱ्यांना किरकोळ ओरखड्यातूनही बराच रक्तस्राव होतो, आणि मधुमेहींच्या जखमा चिघळतात. प्राण्याची नखे नियमित कापून घ्यावीत, हा त्यावरचा सोपा उपाय.

पावसाळा. २६ जुलै २००५ च्या महापुरानंतर मुंबईत लेप्टोस्पायरोसिसची साथ आली होती, हे अनेकांना आठवत असेल. उंदीर, कुत्रे आणि गुरे यांच्या मूत्रातून हे जंतू पसरतात. पावसाळ्यापूर्वी पशुवैद्याकडून कुत्र्याला त्याची लस द्यावी, साचलेल्या पाण्यातून त्याला आणि स्वतःलाही नेऊ नये, घाण साफ करताना हातमोजे वापरावेत.

श्वास आणि त्वचा. दमा किंवा जुनाट खोकला असेल तर प्राण्याला निदान झोपण्याच्या खोलीबाहेर ठेवावे. केमोथेरपी चालू असलेल्या किंवा प्रतिकारशक्ती कमी करणारी औषधे घेणाऱ्या ज्येष्ठांनी घरात प्राणी असल्याचे डॉक्टरांना आवर्जून सांगावे.

मी रुग्णालयात गेलो तर?

हा प्रश्न टाळला जातो, आणि नेमका तोच जिवावर बेततो. काका एकटे नाहीत. घरी मांजर आहे म्हणून मोतीबिंदूची शस्त्रक्रिया पुढे ढकलणाऱ्या आजी माझ्याकडे येतात. ताप चढलेला असताना "कुत्र्याला कोण पाहील?" म्हणून दाखल व्हायला नकार देणारे आजोबाही आले आहेत.

यासाठी आज संध्याकाळी एक कागद घ्या. त्यावर मोठ्या अक्षरांत लिहा: घरात प्राणी आहे, त्याचे नाव, तो काय खातो, कोणते औषध चालू आहे, पशुवैद्याचा फोन. खाली अशा दोन व्यक्तींची नावे आणि क्रमांक लिहा, ज्यांनी अडचणीच्या वेळी प्राणी सांभाळायला होकार दिला आहे. त्यातली एक जवळच राहणारी असावी, आणि तिच्याकडे घराची किल्ली असावी. हा कागद फ्रिजवर चिकटवा, एक प्रत पाकिटात ठेवा. चार दिवस पुरेल एवढे प्राण्याचे खाणे घरात नेहमी असू द्या.

आणि छातीत दडपण, जबड्यात किंवा डाव्या हातात कळ, अकारण धाप, घाम, पोटाच्या वरच्या भागात न थांबणारी जळजळ यांपैकी काहीही जाणवले तर वेळ न घालवता १०८ क्रमांकावर रुग्णवाहिका मागवा. मधुमेहींमध्ये झटका अनेकदा तीव्र वेदनेशिवाय येतो. प्राण्याची व्यवस्था करणारी माणसे कागदावर आहेत. तुमच्या हृदयाला थांबायला वेळ नाही.

मुलांसाठी दोन शब्द

आईवडिलांच्या प्राण्याकडे मुले बहुधा अडचण म्हणून पाहतात. तुमची काळजी खरी असते, हे मी जाणतो. पण "सोडून द्या" म्हणण्यापूर्वी एकदा विचारा, की हा प्राणी गेला तर त्यांचा दिवस कसा जाईल. त्यांच्यासाठी घर शोधताना दलालाशी तुम्ही बोला, करार तुम्ही वाचा, शक्य असेल तर प्राण्याच्या खर्चाचा एक भाग उचला.

कधी प्राणी दुसरीकडे देणे हेच योग्य ठरते, हेही सांगायला हवे. स्मृतिभ्रंशामुळे प्राण्याला खायला घालण्याचे भान राहत नसेल, वारंवार पडणे होत असेल, किंवा प्राणी आक्रमक असेल, तर निर्णय घ्यावा लागतो. तो निर्णय ज्येष्ठांना विश्वासात घेऊन, ओळखीच्या घरात, आणि भेटीगाठी चालू राहतील अशा रीतीने व्हावा. ते गावाला गेले असताना प्राणी परस्पर देऊन टाकणे हा त्यांच्यावर झालेला आघात असतो. अशा घटनेनंतर अन्न टाकलेली माणसे मी पाहिली आहेत.

काकांच्या बाबतीत पुढे काय झाले, ते सांगून थांबतो. रुग्णालयातून आल्यावर महिनाभर मुलगा इथेच राहिला. या वेळी घर त्याने शोधले, आणि पहिल्याच फोनवर "वडील आणि त्यांचा कुत्रा" असे सांगूनच बोलणे सुरू केले. सहा ठिकाणी नकार मिळाला. सातवे घर ठाण्याच्या कोपरीत, तळमजल्यावर मिळाले. मालकीणबाई स्वतः येऊन बंडूला पाहून गेल्या. करारात बंडूचे नाव आहे. आधीच्या इमारतीतल्या ताई अजूनही अधूनमधून त्याच्यासाठी भात घेऊन येतात.

मागच्या महिन्यात काका तपासणीला आले, तेव्हा मी औषधांची यादी पाहण्याआधी विचारले, "बंडू कसा आहे?" काका हसले आणि पंधरा मिनिटे त्याच्याविषयीच बोलत राहिले. बाहेर रुग्णांची रांग होती. ती थोडी थांबली.